हत्यारावरचे नाव

जुने हत्यार हाती आले, की माणूस दोन प्रश्न विचारतो: हे कधीचे, आणि हे कुणी केले? दोन्ही प्रश्न एका दमात विचारले जातात, म्हणून ते सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. वास्तविक त्यांचे नाते फार दूरचे आहे. वयाचा प्रश्न लोखंडाला विचारता येतो आणि लोखंड आपल्या परीने त्याचे खरे उत्तर देते. कर्त्याचा प्रश्न लोखंडाला विचारून भागत नाही. तो माणसांना विचारावा लागतो. आणि माणसे जे उत्तर देतात त्यावरून हत्याराविषयी थोडे व त्या माणसांविषयी पुष्कळ कळते.

मी पेशाने शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. तेव्हा धातुशास्त्रावर किंवा पुराणवस्तूंवर अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. पण खेड्यात ज्याला चार इंग्रजी अक्षरे लावता येतात त्याच्याकडे लोक वाटेल ते वाचायला घेऊन येतात: औषधाची बाटली, कोर्टाची नोटीस, मुंबईहून आलेल्या यंत्रावरची पट्टी. तशीच गंजलेली पटाशी, मोडक्या मुठीची करवत आणि कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेला पानाही येतो. "गुरुजी, यावर काय लिहिलंय बघा," असे म्हणत ती वस्तू माझ्या टेबलावर ठेवली जाते. अशी वीस-पंचवीस वर्षे वस्तू पाहून पाहून मला त्यांचा नाद लागला, आणि त्या नादातून पुढे जो एक प्रश्न उभा राहिला तो हत्यारांचा राहिला नाही.

आमची पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. चिपळूणहून कराडकडे निघालेली गाडी इथून घाट चढू लागते. या गावाच्या पोटात, अगदी शब्दशः डोंगराच्या पोटात, कोयनेचे वीजघर आहे. १९५४ च्या सुमारास कोयनेचे काम सुरू झाले आणि १९६२ साली इथली वीज वाहू लागली. त्या काळात देशोदेशींची यंत्रे, मुलुखामुलुखाचे कामगार आणि नाना तऱ्हेची हत्यारे या परिसरात येऊन गेली. त्याचा परिणाम असा झाला, की जुन्या हत्यारांचे वय सांगण्याची एक सोपी रीत गावात पडून गेली. ज्यावर इंग्रजी अक्षरे आहेत ते "कोयनेच्या कामावरचे" आणि ज्यावर काहीच नाही ते "पेशवाईतले". मधे दुसरा काळच नाही! पेशवाई १८१८ साली बुडाली आणि कोयनेचे काम १९५४ साली निघाले. मधली १३६ वर्षे गावात कुणी ऐरणीवर घण घातलाच नसावा, असे या हिशेबाने मानावे लागते.

ही रीत हसण्यासारखी असली तरी तिच्यामागे एक समजूत आहे, आणि ती समजूत शहाण्यासुरत्यांचीही असते. ज्यावर नाव आहे त्याला इतिहास आहे. ज्यावर नाव नाही ते नुसते जुने आहे. या समजुतीचे पुढे काय होते ते पाहण्याआधी वयाचा प्रश्न एकदा निकालात काढू, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे.

अक्षरे कोरलेले हत्यार पुष्कळ बोलके असते. पान्यावर "पश्चिम जर्मनी" असे असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला. त्या नावाचे राज्य त्याआधी नव्हते आणि त्यानंतर राहिले नाही. आय. एस. आय. चा शिक्का असेल तर तो पाना स्वातंत्र्यानंतरचा, कारण ती संस्थाच १९४७ ची आणि तिच्या शिक्क्याचा कायदा १९५२ चा. खोक्यावर पत्त्याशेजारी सहा आकडी पिनकोड असेल तर ते खोके १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचे. सुताराच्या मोजपट्टीवर नुसते इंच असतील आणि सेंटिमीटरचा पत्ता नसेल तर ती बहुधा दशमान पद्धती अंगवळणी पडण्यापूर्वीची. त्या पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. देशाचे नाव ठसठशीत लिहिण्याची चाल पडायला इंग्लंडात १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली झालेले मालावरील खुणांचे कायदे कारण झाले. एका देशाचा माल दुसऱ्याच्या नावाने खपू नये, हा त्यांचा एक हेतू होता. "कास्ट स्टील" ही अक्षरे असलेली पटाशी शेफील्डच्या त्या जमान्याची आठवण देते, जेव्हा मुशीत वितळवलेले पोलाद ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट होती. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने ते पोलाद तिथे १७४० नंतरच्या दशकात तयार केले होते.

यात एक पथ्य मात्र पाळावे लागते. अशी प्रत्येक खूण "याच्या आधीचे नव्हे" एवढेच सांगते. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असली म्हणजे तो स्क्रू १९३० नंतरच्या दशकातला किंवा त्याहून अलीकडचा, हे खरे. पण स्क्रू नवा म्हणून करवत नवी ठरत नाही. मूठ मोडते, दांडा बदलतो, पाते झिजून दुसरे बसते. एकच रंधा तीन पिढ्यांनी वापरला आणि प्रत्येक पिढीने त्याचा एकेक भाग बदलला, तर त्याचे वय कोणते धरायचे?

बिननावाचे हत्यार मुके असते, असे पुष्कळांना वाटते. पण तेही बोलते; फक्त हळू बोलते. जुन्या काळी पोलाद महाग होते, म्हणून लोहार कोयतीचे अंग साध्या लोखंडाचे करी आणि धारेपुरते पोलाद जोडी. अशी कोयती घासूनपुसून उजेडात तिरपी धरली, तर धारेच्या कडेने सांध्याची पुसट रेघ दिसू शकते. मोटारी आल्यावर लोहारांना एक खाण सापडली: ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे. ते पोलाद अंगभर एकसारखे असते. त्यात सांधा नसतो. एखाद्या कोयतीच्या बुडाशी पाट्याच्या मधल्या बोल्टचे अर्धे भोक राहून गेलेले दिसते, आणि मग ती पेशवाईतली असल्याचा दावा तिथेच संपतो. पेशवाईत ट्रक नव्हते. तसेच झिजलेल्या कानशीची पटाशी करण्याची चाल आहे. कितीही ठोकली तरी तिच्या पाठीवर कानशीचे दात कुठेतरी सावलीसारखे उरतात.

याखेरीज झीज असते. पण झीज वय सांगत नाही. ती काम सांगते. पेटीत शंभर वर्षे पडून राहिलेली पटाशी कोवळीच असते आणि वीस वर्षे रोज वापरलेली पटाशी धार लावून लावून बोटभर उरते. दांड्यावर अंगठा जिथे टेकतो तिथे लाकूड खोलगट व तुळतुळीत होते. त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला, तर तो माणूस उजवा होता की डावखुरा, हे कळते. कधी कधी तर त्याचा पंजा आपल्यापेक्षा लहान होता, हेही कळते. म्हणजे हत्यार वापरणाऱ्याचा माग लोखंड-लाकडात राहतो. मग करणाऱ्याचा माग कुठे राहतो?

यावर झटपट उत्तर असे, की तो शिक्क्यात राहतो. शेफील्डची उदाहरणे घ्या. तिथल्या कारागिरांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला आणि आपापली खूण नोंदवण्याची रीत तिथे कसोशीने पाळली गेली. विल्यम मार्पल्स यांच्या हत्यारांवर तिपानी शॅमरॉक, रॉबर्ट सॉर्बी यांच्यावर कांगारू. कोकणातल्या सुताराला ती नावे वाचता येत नसत. पण मुंबईच्या बाजारातून पटाशी आणताना चित्र पाहून कोणती घ्यायची हे तो ओळखू शके. या शिक्क्यावरून आपण म्हणतो, "ही मार्पल्सने केली."

पण खरोखर केली कुणी? शेफील्डमध्ये पुष्कळसे काम छोटे छोटे स्वतंत्र कारागीर करीत. तिकडे त्यांना "लिटल मेस्टर्स" म्हणत. एखादा भाड्याच्या जागेत घडाई करी, दुसरा भाड्याच्या चाकावर पाते घासून धार काढी, तिसरा मूठ बसवी. आणि तयार माल अनेकदा कुण्या पेढीच्या नावाने बाजारात जाई. चाकावर घासणाऱ्यांचे जिणे तर फार वाईट होते. कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची व पोलादाची धूळ भरे आणि त्यांतले पुष्कळ ऐन तारुण्यात जात. आर्नल्ड नाइट या तिथल्या डॉक्टरने १८३० सालीच या रोगावर लिहिले होते. पात्यावर नाव पेढीचे उरले. त्या पात्यासाठी ज्याने आपली छाती दिली त्याचे उरले नाही.

दुसरे उदाहरण तलवारीचे देतो, कारण तलवारीवरच्या नावाला आपण फार भुलतो. इस्फहानचा असदुल्ला हा शाह अब्बासच्या वेळचा नामांकित तलवार घडवणारा समजला जातो. त्याचे नाव असलेल्या तलवारी इतक्या आहेत, आणि त्यांवरची साले इतक्या दूरवर पसरलेली आहेत, की एका माणसाच्या आयुष्यात ती मावत नाहीत. नाव पुढे उत्तम मालाची ग्वाही होऊन बसले. आपल्या दख्खनमध्ये फिरंगी पात्यांना मान होता, म्हणून युरोपी पात्यांवरच्या खुणा इकडच्या कारागिरांनीही उठवल्या. म्हणजे ज्याचे हात चांगले होते, त्यालाच आपल्या हातच्या वस्तूवर दुसऱ्याची खूण उमटवावी लागली.

तेव्हा शिक्का कर्ता सांगत नाही. शिक्का जबाबदारी सांगतो आणि नफा कुणाचा हे सांगतो. पाते तुटले तर कुणाकडे जायचे आणि पाते चांगले निघाले तर पुढचे कुणाकडून घ्यायचे, एवढ्याचसाठी तो असतो. घेणारा आणि करणारा एकमेकांना अनोळखी असतील तरच त्याची गरज पडते. शिक्का हा अंतराचा पुत्र आहे.

यावरून आमच्या लोहाराच्या कोयतीवर नाव का नाही, याचाही उलगडा होतो. लोहार गावाच्या कडेला राहत होता. कोयतीची धार दुमडली तर बाई ती उचलून थेट त्याच्या दारात जाई आणि चार शब्द सुनावून परत नीट करून आणी. जिथे दार माहीत आहे तिथे शिक्का कशाला? त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून देशावरच्या बलुतेदारीचे बारकाईने वर्णन केले. आमच्या कोकणात ती व्यवस्था तितकी घट्ट नव्हती. तरी सुगीला लोहाराला भात घालायचे आणि वर्षभर त्याने विळे-कोयत्या सांभाळायच्या, ही रीत इकडेही होती. त्या व्यवहारात प्रत्येक वस्तूवर नाव टाकणे म्हणजे आईने भाकरीवर सही करण्यासारखे झाले असते.

इथे थांबले तर चित्र मोठे गोड होते. निनावी वस्तू ही विश्वासाची खूण, आणि नावाची वस्तू ही परकेपणाची! जुन्या गावाविषयी लिहिताना आपल्यापैकी पुष्कळांची लेखणी इथेच थांबते. पण भाकरीची उपमा मीच दिली असली तरी ती फार ताणू नये. आईने सही केली नाही तरी तिला घरात आई म्हणतात. लोहाराला गाव काय म्हणत होते? 'लोहार' म्हणत होते. त्याच्या बापालाही लोहार म्हणत होते आणि मुलालाही लोहारच म्हणणार होते. ज्या ओळखीमुळे शिक्क्याची गरज नव्हती, ती ओळख एका माणसाची नव्हती, जातीची होती. दार माहीत होते. दाराआडचा माणूस माहीत असेलच असे नव्हते. आणि वाईट वागवले म्हणून दुसऱ्या गावी आपले नाव काढावे, तर नाव काढायला ते आधी असावे लागते.

ही गोष्ट गावापुरती राहिली असती तरी एक वेळ चालले असते. पण तीच गोष्ट जगाच्या पेठेतही घडली. हंट्समनच्या आधी कित्येक शतके आपल्या दक्षिणेत मुशीतले पोलाद होत होते. युरोपात त्याला 'वुट्झ' म्हणत. १७९४ साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्या साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट या कारागिराने त्या पोलादाची हत्यारे केली, आणि १८२० च्या आसपास त्याच्याबरोबर खुद्द मायकेल फॅरडेने पोलादावर प्रयोग केले. पाठवणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, तपासणाऱ्याचे आहे, वापरणाऱ्याचे आहे. ज्याने भट्टीपुढे बसून मूस लिंपली आणि ज्वाळेच्या रंगावरून आतले पोलाद झाले की नाही हे ओळखले, तेवढ्याचे नाही. या विद्वानांनी कुणाचे नाव मुद्दाम खोडले, असे मी म्हणत नाही. ते खोडण्याची पाळीच आली नाही.

हा सगळा विचार माझ्या डोक्यात एरवी नुसता पुस्तकी राहिला असता. त्याला धार आली ती एका सुताराच्या पेटीमुळे. गावातले एक म्हातारे सुतार वारल्यावर त्यांच्या मुलाने पेटी विकायला काढली. मुलगा मुंबईला नोकरीत; त्याला रंधा धरायचा नव्हता आणि पैशाची निकड होती. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला आणि अक्षरे वाचायला मला बोलावणे आले. दोन पटाश्यांवर शेफील्डचा शिक्का निघाला. त्यांची किंमत मी वाचताक्षणी वाढली. मी तोंड उघडण्यापूर्वी त्या भंगार होत्या. मग एक तासणी निघाली. आमच्याकडे तिला वाकसही म्हणतात. काळी, जड, दांडा हाताच्या घामाने शिसवीसारखा झालेला. तिच्यावर अक्षर नव्हते. व्यापारी म्हणाला, ही वजनावर घेईन. नंतर जरा विचार करून म्हणाला, "मास्तर, तुम्ही शाळेतले माणूस. ही पेशवाईतली आहे असं चार ओळींत लिहून द्या. मग हिचेही पटाशीइतके देतो."

मुलाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात लबाडी नव्हती, निकड होती. मी काही बोलण्यापूर्वी त्याची आई, जी इतका वेळ दारात बसून होती, ती म्हणाली, "ती कसली पेशवाईतली? माझ्या डोळ्यांदेखत झाली ती. भूकंप झाला ना, त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी. सगळ्यांची घरं उभी करायची होती. ह्यांची जुनी तासणी पुरेना."

भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, कोयनेचा. म्हणजे तासणी १९६८ सालची. मी ती उलटून पाहिली. अंगभर एकसारखे पोलाद, सांधा नाही, कमानीचा पाटा. लोखंड आणि म्हातारी एकच साक्ष देत होती.

"कुणी केली, काकी?" मी विचारले.

"लोहारानं. घाटावरून आलेला. एका पायानं अधू होता. पाणी द्यायचा ते दिवे लागल्यावर. दिवसा रंग कळत नाही म्हणायचा. दोन पायली भात आणि एक लुगडं घेतलंन् त्याच्या बायकोला."

"नाव काय त्याचं?"

काकी बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोहारच म्हणायचे सगळे. नाव कुणी विचारलं नाही."

चिठ्ठी मी लिहिली नाही. काकी बोलल्यावर तो प्रश्नच उरला नव्हता. दोन पटाश्या गेल्या, तासणी घरी राहिली. मुलगा त्या दिवशी थोडा नाराज होता आणि त्याला दोष देण्याइतके माझे पोट भरलेले असणे हा माझा गुण नव्हे. पण त्या चार ओळींच्या चिठ्ठीविषयी मी पुढे पुष्कळ विचार केला. वरवर पाहता तीत कुणाचे नुकसान नव्हते. व्यापाऱ्याला माल, घराला पैसा, कुण्या हौशी माणसाला भिंतीवर टांगायला पेशवाई. मग तीत पाप कोणते?

पाप असे, की त्या अधू माणसाने एका हिवाळ्यात, घरे पडलेल्या गावात, दिव्याच्या उजेडात रंग पाहून जी वस्तू केली, ती त्याच्याकडून काढून घेतली गेली असती. त्याचे नाव आधीच गेले होते. आता त्याचे सालही गेले असते. नाव नसलेल्या माणसाजवळ त्याच्या कामाचा काळ, जागा आणि कारण एवढीच मालमत्ता उरते. जुन्या वस्तूचे वय फुगवणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, हे सगळे जाणतात. पण गिऱ्हाईक निदान तक्रार तरी करू शकते. त्यात जो दुसरा नागवला जातो तो बोलायला येत नाही.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो आपल्या रक्तातच आहे. नावाचा एवढा सोस कशाला? आपल्याकडे काम करून नाव न सांगणे हीच थोरवी मानली गेली आहे. लेणी कोरणाऱ्यांनी नावे सांगितली नाहीत, ओव्या रचणाऱ्या बायकांनी सांगितली नाहीत. काम उरले, मी उरलो नाही, यातच धन्यता! विचार उंच आहे आणि तो मी खोटा म्हणणार नाही. फक्त उपवास आणि उपासमार यांत आपण जो फरक करतो तो इथेही करावा. ताटावरून उठणाऱ्याने उपवास केला असे म्हणता येते. ज्याच्यापुढे ताट कधी आलेच नाही त्याच्या व्रताचे कौतुक करणे निर्दयपणाचे आहे.

या बाबतीत मला पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण नेहमी आठवते. त्यांनी कविता लिहिल्या त्या 'अज्ञातवासी' या नावाने. पुढे जन्मभर हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी, दरवाजे असा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा प्रचंड संग्रह केला आणि तो आपल्या बालपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला. तिथे अडकित्त्यांपुढे उभे राहिले म्हणजे वाटते, की खरे अज्ञातवासी या कपाटांत आहेत. केळकरांनी अज्ञातवास स्वतः निवडला, कारण त्यांच्यापाशी टाकायला नाव होते. या शेकडो अडकित्त्यांच्या कर्त्यांना निवड करण्याची संधी कुणी दिली? तरीही केळकरांनी जे केले ते मोठे आहे. नाव परत देता येत नाही. पण वस्तू भंगारात जाऊ दिली नाही, म्हणजे निदान प्रश्न जिवंत ठेवला. अडकित्ता वितळला की प्रश्नही वितळतो.

मी कादंबरीवर माझे नाव छापतो. लहान पुस्तक असले तरी मुखपृष्ठावर ते ठळक अक्षरांत असते, आणि ते तिथे नसते तर मला रुचले नसते, हे सांगायला मी लाजत नाही. ज्याला आपल्या शंभर पानांवर नाव हवेसे वाटते त्याने लोहाराला निनावीपणाची थोरवी शिकवू नये. त्याच्या तासणीने या गावात किती घरांचे वासे तासले गेले असतील! माझ्या कादंबरीने एवढ्या माणसांच्या डोक्यावर छप्पर दिलेले नाही.

मग आता करायचे काय? गेलेली नावे शोधून सापडत नाहीत, आणि न सापडलेल्या जागी आपल्या कल्पनेतले नाव बसवणे हा दुसरा अन्याय. मला सुचले ते मास्तराला सुचण्यासारखे आहे. सातवीच्या मुलांकडून मी एक नोंदवही करवून घेतो. दसऱ्याला घरोघरी हत्यारे पुसून, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहून पाटावर मांडतात, तेव्हा मुलांनी वही घेऊन बसायचे. त्या दिवशी शेफील्डच्या पटाशीला आणि गावच्या कोयतीला एकाच बोटाने कुंकू लागते, तेव्हा नोंदीतही पंक्तिभेद नको. रकाने पाच: वस्तू कोणती, कशाची केली आहे, कधीची, कुणी केली, आणि हे कुणाकडून कळले. पाचवा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. त्यामुळे "आजीने पाहिले" आणि "व्यापारी म्हणाला" यांतला फरक मुलांना आपोआप समजतो.

चौथ्या रकान्यात पहिल्या वर्षी मुलांनी पुष्कळ ठिकाणी 'अज्ञात' असे लिहून आणले. शब्द शुद्ध होता, पुस्तकी होता आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण मला तो टोचत राहिला. 'अज्ञात' म्हटले, की वाटते न कळणे हा त्या माणसाचाच काही गुणधर्म होता. तो जन्मतःच धूसर होता. वास्तविक त्याला नाव होते. त्याच्या बायकोला ते ठाऊक होते, जरी ती ते घेत नसेल. त्याच्या आईने ते पाळण्यात ठेवले होते. ते आमच्यापर्यंत आले नाही, कारण भात मोजून देताना आम्ही पायल्या मोजल्या आणि तेवढ्यावर उठलो.

म्हणून आता त्या रकान्यात काय लिहायचे ते मुलांना मी काकींच्याच शब्दांत सांगितले आहे. शिक्का असेल तर "शिक्का अमक्याचा" असे लिहायचे. "अमक्याने केले" असे नाही. नाव ठाऊक असेल तर नाव लिहायचे, मग ते आजच्या, शेजारच्या, कमानीचे पाटे ठोकणाऱ्या माणसाचे का असेना. त्याच्याकडे जाऊन ते विचारून यायचे. आणि जिथे काहीच हाती लागत नाही तिथे रकाना कोरा सोडायचा नाही, रेघ मारायची नाही. तिथे लिहायचे: "नाव विचारले नाही."

या दसऱ्याला ती वही भरली. तीन मुले विचारून आली.